वेशीबाहेर निघालेला गाडा

आषाढ लागला की नांदेड-लातूरकडच्या अनेक गावांत मंगळवारी किंवा शुक्रवारी बाया नैवेद्याचं ताट घेऊन गावाबाहेर निघतात. ताटात दहीभात किंवा पुरणपोळी, लिंबाचा डहाळा, हळदीकुंकू, हिरव्या बांगड्या, एखादा खण. जायचं असतं मरीआईकडे. देऊळ म्हणावं असं बहुतेक ठिकाणी काही नसतं. लिंबाखाली चौथरा, त्यावर शेंदूर फासलेले दोन-चार तांदळे, फार तर वर पत्रा. मारुती, महादेव, विठ्ठल गावाच्या पांढरीत राहतात. मरीआई मात्र वेशीबाहेर, आणि बहुधा महारवाड्या-मांगवाड्याच्या अंगाला.

तिला तिथे बसवलं ते पटकीसाठी. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस दुपारी हगवण-उलटीनं आडवा व्हायचा, डोळे खोल जायचे, हातापायांत गोळे यायचे आणि दिवस मावळायच्या आत तिरडी बांधावी लागायची. एका घरातून दुसऱ्या घरात, एका आळीतून दुसऱ्या आळीत. पटकी, जरीमरी, महामारी, वाखा अशी तिला नावं अनेक, पण गावाच्या लेखी तिची मालकीण एकच होती. ‘मरीआई कोपली’ एवढ्या दोन शब्दांत रोगाचं निदान व्हायचं आणि पुढचा सगळा उपचारही त्यातूनच ठरायचा. पटकीच्या मोठ्या साथी गेल्या, तरी भांडणातल्या शिव्यांतून पटकी अजून ऐकू येते. एखादी आजी चिडली की ‘तुला पटकी यील’ म्हणते. ऐकणाऱ्या नातवाला पटकी म्हणजे काय ते ठाऊक नसतं.

रोजच्या जगण्यात घडणाऱ्या गोष्टीमागे देवाचा हात शोधायचा ही रीत एकट्या मराठवाड्याची नाही. मध्ययुगातल्या ख्रिस्ती युरोपात ती घराघरांत होती. गारपीट झाली, गाय आटली, बाळंतीण दगावली, वीज पडली, की त्यामागे पाप, परीक्षा किंवा एखाद्या संताची नाराजी दिसायची. रोगांना तर संतांचीच नावं होती. राय या धान्याच्या कणसावर वाढणाऱ्या बुरशीमुळे हातपाय जळाल्यासारखे होऊन झडायचे, त्या रोगाला तिथले लोक ‘संत अँथनीचा अग्नी’ म्हणत. रोग देणाराही तोच संत आणि बरा करणाराही तोच. १०९५ च्या सुमारास त्याच्या नावानं एक पंथच निघाला आणि त्या पंथाच्या मठांतून अशा रोग्यांची शुश्रूषा होऊ लागली. प्लेगसाठी संत सेबॅस्टियन, कारण त्याच्या अंगात बाण घुसले होते आणि प्लेग म्हणजे वरून सुटलेला बाण, अशी समजूत. पुढे संत रॉक आला. चित्रांत तो मांडीवरची गाठ दाखवत उभा असतो आणि शेजारी भाकरी घेऊन आलेला कुत्रा असतो.

पटकीच्या आईचं आणि त्या अँथनीचं नातं जवळचं आहे. कोपते तीच, तारते तीच.

दख्खनमध्ये दुष्काळालासुद्धा देवीचं नाव मिळालं. १३९६ पासून बारा वर्षं चाललेला म्हणून सांगितला जाणारा तो दुष्काळ मराठी माणूस ‘दुर्गादेवीचा दुष्काळ’ म्हणूनच ओळखतो. ग्रँट डफनं मराठ्यांचा इतिहास लिहिताना तेच नाव नोंदवलं. त्याच्या अर्धशतक आधी, १३४७ ते १३५१ या वर्षांत, ‘काळा मृत्यू’ म्हणून ओळखला जाणारा प्लेग युरोपभर फिरला आणि लोकसंख्येचा किमान तिसरा हिस्सा घेऊन गेला. पॅरिसच्या वैद्यकशाखेनं १३४८ साली राजाला अहवाल दिला, त्यात मूळ कारण सांगितलं ते १३४५ च्या मार्चमध्ये कुंभ राशीत झालेली शनी, गुरू आणि मंगळ यांची युती. त्या काळातली सर्वांत शिकलेली माणसं ही. मग लिंबाखालच्या तांदळ्याला हात जोडणाऱ्या कुणब्याला अडाणी ठरवण्याची घाई कशाला करायची?

पटकीपेक्षा जुनी आणि घरात अधिक मुरलेली होती ती देवी. मराठीत रोगाचं नावच देवी. ‘पोराला देवी आल्या’, ‘देवी निघाल्या’, काही ठिकाणी नुसतं ‘बाया आल्या’. अनेकवचन आदराचं. ताप चढला, तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोंडावर-हातांवर पुरळ उठलं आणि ते पाण्यानं भरू लागलं, की घराची रीत बदलायची. पोर आता रोगी नव्हतं, त्याच्या अंगात पाहुणी आलेली होती. दाराला लिंबाचा पाला बांधला जायचा. तो दिसला की शेजारीण उंबऱ्याबाहेरूनच विचारपूस करून परतायची. घरात फोडणी बंद, तळण बंद, मटण-मासळी बंद, दाढी-हजामत बंद. फोडणीचा चर्र आवाज आणि उग्र वास देवीला सोसत नाही, ती भडकते, असं सांगायचे. मोठ्यानं बोलायचं नाही, भांडायचं नाही, नवराबायकोनं वेगळं निजायचं. पोराला दही, ताक, ज्वारीची पातळ आंबील. अंग खाजलं तर नखं लावू द्यायची नाहीत, लिंबाच्या कोवळ्या डहाळीनं हळूहळू झाडायचं. बाहेरून आलेल्यानं थेट बिछान्याजवळ जायचं नाही. खपल्या धरून पडू लागल्या की लिंबाच्या पाण्यानं आंघोळ, देवीची ओटी, दहीभाताचा नैवेद्य, आणि मग कुठे चुलीवर पहिली फोडणी.

या नियमांकडे आजच्या नजरेनं पाहिलं की मन थबकतं. दारावरचा पाला म्हणजे रोग्याच्या घराची खूण. १६६५ च्या प्लेगात लंडनच्या दारांवर लाल फुली मारत आणि दार बाहेरून बंद करून पहारा बसवत. इथं पहारा नव्हता, देवीचा धाक होता, आणि घरातली माणसं कोंडली जात नव्हती. खाजवू न देणं, थंड आणि पातळ अन्न, शांतता, माणसांची ये-जा बंद, यातलं बरंचसं चांगल्या शुश्रूषेत बसणारं आहे. सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच. ज्या रोगात दहातली तीन माणसं मरायची, पुरळानं भरलेल्या अंगाला घाण यायची, तिथे आईनं पोराची किळस करायची नाही हे धर्मानंच ठरवून टाकलं होतं. त्या अंगात देवी होती, त्यामुळे त्या अंगाला नमस्कार होता.

पण हेच मान्य करताना दुसरी बाजू झाकता येत नाही. देवी आहे म्हणून औषध द्यायचं नाही, वैद्याला हात लावू द्यायचा नाही, हाही नियम त्याच यादीत होता. डोळ्यात फूल पडून कायमची दृष्टी गेलेली, तोंडभर वण घेऊन जगलेली हजारो माणसं होती. जुन्या पोलीस दप्तरांत माणसाच्या वर्णनात ‘तोंडावर देवीचे वण’ हे सर्रास लिहिलेलं सापडायचं. मुलीच्या तोंडावर वण असले तर तिचं लग्न अडायचं. देवीची खूण म्हणून तिला कुणी मखरात बसवलं नाही.

नांदेड शहरात या प्रश्नाला एक वेगळं उत्तरही नांदत होतं. शिखांचे आठवे गुरू हरकिशन १६६४ साली दिल्लीत देवीच्या साथीत वारले. वयाची आठ वर्षंही पुरी झाली नव्हती. साथीतल्या रोग्यांची सेवा करताना त्यांना रोग लागला, असं शीख परंपरा सांगते. ज्यांच्या अखेरच्या दिवसांमुळे नांदेड १७०८ पासून शिखांचं मोठं तीर्थ झालं, ते दहावे गुरू गोविंदसिंग याच परंपरेतले. त्या परंपरेत शीतळा देवीची पूजा बसत नाही. रोग आला तर सेवा करायची, देवीला साकडं घालायचं नाही. एकाच गोदेच्या काठी, एकाच बाजारात, रोगाचे हे दोन अर्थ शेजारी-शेजारी राहिले.

आता गाड्याकडे यायला हवं.

पटकीनं गाव धरलं आणि नवस-सायासांनी भागेना, की पंच बसायचे. दवंडी पिटली जायची. घरटी दाणे, पैसे गोळा व्हायचे. सुताराकडून लाकडाचा हातभर गाडा करून घ्यायचा. त्यात मरीआईची बाहुली किंवा मुखवटा, तिला हिरवं लुगडं, चोळीचा खण, बांगड्या, काजळ-कुंकू, लिंबाचा पाला, नारळ, लिंबं, भाताचा मुटका. लेकीची पाठवणी करतात तशी तिची ओटी भरायची. रात्री हलगी-डफाच्या तालावर गाडा सगळ्या आळ्यांतून फिरवायचा. घराघरांतून बाया दिवा ओवाळून ‘आई, आता जा, गाव सोड’ म्हणून विनवायच्या. मध्यरात्र उलटली की तो शिवेपार नेऊन सोडायचा आणि मागे न पाहता परत यायचं. कोंबडं नाहीतर बकरं तिथेच.

शिवेपलीकडे दुसरं गाव असायचं. सकाळी त्या गावाला आपल्या हद्दीत गाडा दिसायचा. मग त्यांनी काय करावं? तेही ओटी भरून, नारळ फोडून तो पुढच्या शिवेवर नेत. काही वेळा शिवेवर रात्रभर पहारे बसत, दगडफेक होई, मारामाऱ्या होत. देवीला नाही म्हणता येत नाही आणि ठेवूनही घेता येत नाही, अशी ती अडचण होती. रोग शेजाऱ्याच्या हद्दीत घालायचा हा विचार त्या विधीच्या पोटात होता, आणि ओटी-नारळांनी तो झाकला तरी जात नव्हता. मरणाच्या दारातल्या गावाला दोष देणं सोपं आहे, तरी हे नोंदवायलाच हवं.

पटकीचा जंतू पाण्यातून पसरतो. गाडा गेला तरी विहीर तीच राहायची. साथ ओसरली की श्रेय गाड्याला मिळायचं, नाही ओसरली तर विधीत खोट निघायची. गाव सोडून रानात झोपड्या घालून राहण्याची रीत मात्र खरोखर उपयोगी पडायची, कारण तिथे पाणी बदलायचं. १८९६ नंतर प्लेग आला तेव्हाही उंदीर पडू लागले की गाव उठायचं आणि शेतात जायचं. तेव्हा पिसवांची विद्या गावात कुणाला ठाऊक नव्हती, पण उंदीर आणि गाठ यांची जोडी लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती. देवीच्या कोपाचा अर्थ आणि डोळ्यांनी पाहिलेली खूण हे दोन्ही एकाच डोक्यात सुखानं राहत होते. माणूस, मग तो मध्ययुगात इटलीतल्या सिएनाचा असो की प्लेगच्या दिवसांत कंधारचा, केवळ श्रद्धेवर चालत नव्हता.

गाडा ओढायचा कुणी? पाटलानं नाही, कुलकर्ण्यानं नाही. ते काम महार आणि मांग समाजाच्या माणसांकडे. देवीचं पुजारीपणही बहुतेक गावांत त्यांच्याकडेच. एरवी ज्यांची सावली टाळायची, साथीच्या दिवसांत त्यांच्या वस्तीकडे सगळं गाव हात जोडून जायचं. देवी कोपली तर तिच्याशी बोलणार कोण, हा प्रश्न गावानं असा सोडवला होता. मान त्यांना चार दिवसांचा मिळे, आणि रोगाला सर्वांत जवळून हात लावण्याचं कामही त्यांच्याच वाट्याला येई. मेलेल्यांना उचलणं, सरण रचणं, निरोप घेऊन गावोगाव फिरणं हे तर होतंच.

या व्यवस्थेचा सर्वांत मोठा भार ज्यानं अंगावर वाहिला तो पोतराज. कमरेला रंगीबेरंगी खणांचा घागरा, पायांत घुंगरू, कधीही न कापलेले केस, कपाळभर हळदकुंकू, हातात जाड कोरडा. बायकोच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा, गळ्यात ढोलकं. वाकडी काडी ढोलक्याच्या कातड्यावर घासली की घुमणारा तो आवाज ऐकून पोरं दारात धावायची आणि त्याच आवाजानं आईच्या मागेही लपायची. पोतराज कोरडा हवेत फिरवतो, त्याचा कडाका उडतो आणि दुसऱ्या क्षणी तो स्वतःच्या उघड्या अंगावर उतरतो. काही जण दंडात दाभण टोचून घेतात. गावावर येणारा कोप तो आपल्या अंगावर घेतो, असा त्याचा अर्थ. मग सूप पुढे येतं. त्यात पसाभर ज्वारी.

नावाचं मूळ शोधायला नांदेडहून फार लांब जावं लागत नाही. देगलूर, बिलोली, धर्माबाद ओलांडलं की तेलंगण सुरू होतं आणि तिथल्या गावदेवींचा भाऊ पोतुराजू भेटतो. आषाढातल्या बोनालू उत्सवात हळद माखलेला, कोरडा फिरवत नाचणारा पोतुराजू हैदराबादेत आजही निघतो. तिकडे देवीच्या रोगाची पोचम्मा, आणि मुत्यालम्मा म्हणजे मोत्यांची आई, कारण अंगावर उठलेले फोड म्हणजे तिचे मोती. तेलुगूतही रोगाचं नाव ‘अम्मवारू’, म्हणजे आईच. निजामाच्या राज्यातल्या जातीजमातींवर सय्यद सिराज उल हसन यांचा ग्रंथ १९२० साली निघाला. त्यात मराठी मुलखाची मरीआई आणि तेलंगणातली पोचम्मा एकाच राज्यात, जवळजवळ एकाच रूपात भेटतात. भाषेची शीव मधोमध गेली, देवीनं ती मानली नाही.

आणखी दक्षिणेला मरीअम्मा आहे. तिची कथा माहूरला येऊन मिळते. परशुरामानं आई रेणुकेचं डोकं उडवलं ही गोष्ट मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. दक्षिणेत तिचा पुढचा भाग सांगतात. तिला जिवंत करताना तिचं डोकं एका अस्पृश्य बाईच्या धडाला लागलं आणि ती मरीअम्मा झाली. माहूरगडावर रेणुकेचा फक्त मुखवटाच पूजला जातो. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त रेणुका आणि यल्लम्मा यांचे धागे उलगडून दाखवले आहेत. गडावरची साडेतीन पीठांतली मानाची आई आणि गावकुसाबाहेरची रोगाची आई यांच्यात एकाच बाईचं डोकं आणि दुसरीचं धड असावं, ही कथा जातीबद्दल जेवढं सांगते तेवढं एखादा ग्रंथही सांगत नाही.

कोरड्याचंही युरोपात भावंड आहे. १३४८-४९ मध्ये प्लेग पसरला तसे स्वतःला फटके मारणारे ख्रिस्ती लोक जथ्याजथ्यांनी जर्मनीत आणि आजूबाजूच्या मुलखात फिरू लागले. टोपीवर लाल क्रूस, हातात तीन पदरांचा चाबूक, पदरांना गाठी आणि गाठींत लोखंडी काटे. गावाच्या चौकात वर्तुळ करायचं, कमरेपर्यंत उघडं व्हायचं, जमिनीवर लोळण घ्यायची आणि गाणं म्हणत स्वतःला रक्त येईपर्यंत मारायचं. दिवसातून दोनदा लोकांसमोर, एकदा रात्री एकांतात. एका जथ्याची यात्रा साडेतेहतीस दिवसांची, येशूच्या आयुष्याच्या प्रत्येक वर्षासाठी एक दिवस. बघणाऱ्या बाया त्या रक्तात कापड भिजवून डोळ्यांना लावत. ऑक्टोबर १३४९ मध्ये पोप सहावे क्लेमेंट यांनी हा प्रकार बंद करण्याचा हुकूम काढला.

पोतराज आणि हे फटकेवाले यांच्यात एक मूलभूत फरक आहे. तिथे सरदारापासून मोच्यापर्यंत कुणीही जथ्यात जाई, आपल्या पापासाठी आपल्या हातानं मार खाई आणि साडेतेहतीस दिवसांनी घरी परते. इथे पोराला जन्मतः किंवा नवसानं देवीला सोडत. मूल जगेना म्हणून, आजारातून उठलं म्हणून, थोरला पोतराज होता म्हणून. मग केस कधी कापायचे नाहीत, घागरा कधी सोडायचा नाही. आणि बहुतेक पोतराज मातंग समाजातले. सगळ्या गावाच्या पापाचं प्रायश्चित्त एका जातीच्या पाठीवर, तेही पिढ्यानपिढ्या. पार्थ पोळके यांच्या ‘आभरान’ या आत्मकथनात पोतराजाच्या घरातल्या मुलानं हे आतून सांगितलं आहे. आभरान म्हणजे पोतराजाचा तो वेष. ज्यांना पोतराज ही मजेदार लोककला वाटते त्यांनी ते पुस्तक वाचावं.

कोपाचा अर्थ लावायचा म्हटलं की कोपाला कारण कोण, हा प्रश्न येतोच. युरोपनं त्याचं उत्तर भयंकर दिलं. विहिरींत विष कालवल्याचा आळ ज्यूंवर आला आणि फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळलं. १८१७ साली बंगालमधून निघालेली पटकी इंग्रजी फौजेबरोबर बुंदेलखंडात पोचली, तेव्हा तिथल्या लोकांनी सांगितलं की हरदौलबाबा या तिथल्या लोकदेवाच्या राईत गोऱ्या सैन्यासाठी गायी मारल्या, म्हणून हा कोप. ही समजूत स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवली. पुढच्याच वर्षी ती साथ दख्खनभर पसरली. मराठवाड्यात संशय आणखी जवळ घुटमळायचा. गावातली एखादी विधवा, एखादी एकटी म्हातारी भुताळीण ठरायची आणि ‘भानामती केली’ या आरोपाखाली मार खायची. तो आरोप पटकीच्या साथींबरोबर गेला नाही. त्यासाठी महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला.

मुंबईत १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. भारतातली ही पहिली यशस्वी लस, बगदाद-बसऱ्यामार्गे आलेली. एका मुलाच्या फोडातली लस दुसऱ्याच्या दंडात, त्याच्या फोडातली तिसऱ्याच्या, अशी ती हातोहात पुढे गेली. मराठी माणसानं या नव्या गोष्टीला शब्द दिला तोही जुनाच, ‘देवी काढणे’. टोचणारा तो देवीडॉक्टर. दंडावर फोड आला की पोराला ‘देवी निघाल्या’, आणि मग घरात पुन्हा तेच लिंबाचा पाला, फोडणी बंद, दहीभात. लस घेतलेल्या पोराचीही ओटी भरली गेली. धर्मानं लसीशी भांडण केलं ही गोष्ट जेवढी खरी, तेवढंच हेही खरं की अनेक घरांनी लसीलाच देवी मानून आत घेतलं. ज्यांनी दारं लावून घेतली त्यांच्या मनात भीती होती की पाहुणी असताना तिच्या अंगाला सुई लावणं म्हणजे तिचा अपमान. त्या भीतीची किंमत पोरांनी मोजली.

१९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. पुढे दोन टोकांची सुई आली, थंड पेटीविना टिकणारी सुकी लस आली. आरोग्यसेवक हातात देवी आलेल्या मुलाचा फोटो असलेलं कार्ड घेऊन घरोघर विचारू लागले, असं मूल पाहिलंत का? रोगी कळवणाऱ्याला बक्षीस लागलं, ते वाढत एक हजार रुपयांवर गेलं. १९७४ साली देशात सुमारे १,८८,००० रोगी आणि ३१,००० हून अधिक मृत्यू, त्यातले बहुतेक बिहारमध्ये. मे १९७५ मध्ये शेवटचा रोगी. ८ मे १९८० रोजी जगातून देवी गेल्याचं जागतिक आरोग्य सभेनं जाहीर केलं. पटकीला उतारा निघाला तो त्याहून साधा. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी रोग्यांना मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचं पाणी पाजायला लावलं आणि शंभरातले तीसेक मरत होते तिथे चारहून कमी मरू लागले.

तरी अर्थ लावण्याची गरज संपलेली नाही. १९१८ च्या तापाला खेड्यांनी ‘मानमोडी’ म्हटलं होतं. २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत कोरोनादेवी मांडून तिला नैवेद्य दाखवल्याच्या बातम्या आल्या. ज्याला चेहरा नाही त्या मरणाशी बोलता येत नाही. आई म्हटलं की निदान विनवता तरी येतं. हे समजून घ्यावं, आणि त्याच वेळी लस टोचून घ्यावी.

एक खंत उरते. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा १९०९ साली नाटकगृहात खून झाला, त्याआधी त्यांनी मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून गावोगावच्या देवदेवता, रोग आणि रिती लिहून मागवल्या होत्या. एंथोवेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं ती उत्तरं छापली, १९१४ मध्ये गुजरातची आणि १९१५ मध्ये कोकणची. रोग शिवेपार नेण्याच्या रिती तिथल्या मास्तरांच्या शब्दांत आजही वाचता येतात. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे त्या प्रश्नावलीत तो नव्हता. नांदेड-लातूरच्या शेकडो मरीआयांची कहाणी अशी लिहिली गेलीच नाही. ती राहिली बायांच्या तोंडी आणि पोतराजांच्या घरांत.

ज्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा गोल, खळगेदार वण आहे ती माणसं आता पन्नाशीच्या आसपास किंवा पुढेच आहेत. गाडा निघालेला ज्यांनी स्वतः पाहिला असेल ती त्याहूनही म्हातारी. दोन्ही जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी, कॉलेजातल्या मुलांनी येत्या आषाढात आपल्या गावच्या मरीआईपाशी जावं आणि चार गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: ती इथे कधी आणि कोणत्या साथीत बसवली, गाडा कोणत्या शिवेवर सोडत, तो कोण ओढत असे, आणि गावच्या पोतराजाचं घर आज कुठे आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या घरी जाऊन, त्या घरच्या माणसांच्या शब्दांत घ्यावं.